माळरानावरील जीवदया

बारामती आणि इंदापूर ही नावे उच्चारली की ऊस, द्राक्षे व बाजारपेठ डोळ्यांपुढे येतात. मात्र कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथे माळ पसरलेला आहे. पाऊस कमी, माती उथळ. म्हणून तेथे वृक्षांऐवजी गवत वाढते. या गवतावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस जगतात. बारामती तालुक्यात सुपे गावाजवळ १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव लाभलेले हे रान चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे.

येथील वन विभागाचे काम गाजावाजाचे नाही. उन्हाळ्यापूर्वी वणवा रोखणाऱ्या जाळरेषा काढणे, पाणवठे भरणे, गस्त घालणे, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राण्यांची नोंद ठेवणे. लांडग्याने मेंढी मारली तर पंचनामा करून धनगर बांधवांना नुकसानभरपाई मिळवून देणे, हेही त्याचेच काम. भरपाई वेळेवर मिळाली तर मेंढपाळाच्या मनातील राग निवळतो आणि लांडग्याचा जीव वाचतो. इंदापुरातील कडबनवाडी व बारामतीतील शिर्सुफळ येथे विभागाने गवताळ सफारीही सुरू केली आहे. ‘पडीक’ म्हणून हिणवलेल्या माळाकडे लोक आता आदराने पाहू लागले आहेत.

दानशूर कुटुंबांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जीवदयेच्या भावनेने माळावर झाडे लावली जातात आणि वेशीबाहेर भटक्या कुत्र्यांना अन्न घातले जाते. हेतू निर्मळ असतो. परिणाम मात्र उलटा होतो. दाट झाडांच्या सावलीत गवत खुरटते आणि मोकळ्या रानावर जगणाऱ्या चिंकाऱ्याचा आधार जातो. पोसलेली कुत्र्यांची टोळी पाडसांवर धावून जाते, लांडग्यांना रोगांची लागण करते, त्यांच्याशी संकर होऊन मूळ वंशही धोक्यात येतो.

म्हणून दया करताना विवेक हवा. वृक्षारोपणासाठी गावठाण, शाळेचे आवार, रस्त्याची कड आहे. कुत्र्यांसाठी लसीकरण व निर्बीजीकरणाला दान देता येईल. माळालगतच्या उघड्या विहिरींना कठडे बांधता येतील, कारण अशा विहिरीत पडून मुक्या जिवांचा अंत होतो. पाणवठ्यासाठी टँकर द्यायचा असल्यास वनपालांना आधी विचारावे. ज्या जिवाला जे हवे ते देणे हे दान. आणि माळावरील जिवांना मुख्यतः त्यांचे गवत आणि त्यांची शांतता हवी आहे.