उलटा आटा, सुलटा विचार

नट सोडवायचा तो डावीकडे फिरवून आणि आवळायचा तो उजवीकडे, हा नियम आपल्या हातांत इतका मुरलेला असतो की त्यास अपवाद असेल हे मनातही येत नाही. जुन्या मोटारींच्या चाकांनी अनेकांची फजिती केली ती यामुळेच. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांत उजव्या चाकांचे आटे नेहमीसारखे, पण डाव्या चाकांचे उलटे असत. वालचंद हिराचंद यांनी मुंबईत उभारलेल्या प्रीमियर कंपनीने याच गाड्या जोडून आपल्या रस्त्यांवर आणल्या. माहीतगार मिस्त्री डाव्या चाकाचा नट उजवीकडे फिरवून सहज सोडवी. अनभिज्ञ माणूस मात्र पाना डावीकडे रेटी. नट हलेना म्हणून पान्यास लांब नळी लावून अंगाचा सारा भार टाकी. आणि अखेर बोल्टच तुटे.

ही उलटापालट कोणाची लहर नव्हती. गाडी पुढे जात असता डावे चाक, बाहेरून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. त्या फिरण्याने नट सैल होऊ नये, अशी त्या रचनेमागील काळजी होती. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे आजही अशाच काळजीपोटी उलटे असतात. शंका असेल त्याने आपलीच सायकल तपासावी.

मग ‘डावी बाजू उलटी’ असे पाठ करून ठेवावे काय? आमच्या मते नेमके हेच करू नये. एम.जी., जॅग्वार या जुन्या इंग्रजी गाड्यांच्या तारांच्या चाकांस मधोमध एकच मोठा नट असे व तो मऊ धातूच्या हातोड्याने ठोकून फिरवावा लागे. तेथे उलटे आटे उजव्या बाजूस! कारण भाराखाली चाक हबवर किंचित सरकते आणि ते सरकणे नटाला चाकाच्या गतीच्या उलट दिशेने नेऊ पाहते. हेतू तोच, रचना निराळी, म्हणून दिशाही निराळी. पहिल्या गाडीचा नियम घोकून दुसरीकडे गेलेला मनुष्य तेथेही नट अधिकच घट्ट करून बसेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इतर बहुतेक कारखानदार दोन्ही बाजूंस नेहमीचेच आटे ठेवीत, तरी त्यांची चाके निखळत नसत. नटाची शंकूसारखी बैठक आणि योग्य आवळणी एवढ्याने काम भागते, हे अनुभवाने ठरले. 1970 च्या सुमारास क्रायस्लरनेही उलटे आटे सोडून दिले. म्हणजे सकारण नियमही कायमचा नसतो. अनुभवाच्या कसोटीस तोही उतरावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांस सूत्रे पाठ असतात. सूत्र कोठे लागू पडते, हे विचारण्याची सवय मात्र थोड्यांनाच असते. परीक्षेत त्यामुळे चार गुण जातील. निर्जन रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, तुटलेला बोल्ट हाती येईल. त्या जुन्या गाड्यांच्या उलट्या बोल्टांच्या टोकावर पुष्कळदा इंग्रजी ‘एल्’ हे अक्षर उठविलेले असे. चिखल पुसला की ते दिसे. न हलणाऱ्या नटावर जोर वाढविण्याआधी तेवढा चिखल पुसावा, एवढेच आमचे सांगणे आहे.