दारातल्या चपला आणि विधवेचे पेन्शन

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यालयात एक भगिनी आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांच्या फॅमिली पेन्शनवर घर चालते. इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "आमच्याकडे एक गृहस्थ अधूनमधून मुक्कामाला असतात. शेजारी म्हणतात, कोणी अर्ज केला तर तुमचे पेन्शन बंद होईल. खरे का हो?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. म्हणून उत्तर येथे जाहीरपणे देतो.

केंद्र सरकारच्या नियमांनुसार विधवेचे फॅमिली पेन्शन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत चालते. खासगी कारखान्यांतील कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही हीच अट आहे. गुजरात सरकारच्या 'गंगा स्वरूपा' योजनेतही पुनर्विवाह झाला की मदत थांबते. या सर्व ठिकाणी शब्द आहे 'पुनर्विवाह'. दारात कोणाच्या चपला दिसल्या, रात्री दिवा किती वाजेपर्यंत होता, हे नियम विचारत नाही. एखाद्या रात्रीच्या मुक्कामाने विवाह होत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोघे वर्षानुवर्षे उघडपणे पतिपत्नी म्हणून राहिले, तर विवाह झालाच असे न्यायालय गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये असेही म्हटले, की नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवणे किंवा एखादी रात्र सोबत राहणे म्हणजे विवाहासारखे नाते नव्हे; तेवढ्यावर बाईला पोटगी मागता येणार नाही. आमचे म्हणणे साधे आहे. ज्या मुक्कामाने बाईला हक्क मिळत नाही, त्याच मुक्कामाने तिचा हक्क जाऊ कसा शकतो?

लग्न खरोखर केले असेल, तर ते लपवू नये. घेतलेली रक्कम परत भरावी लागते. पण कोणी तोंडी दम दिला तर घाबरून कोठेही सही करू नये. लेखी नोटीस मागावी, लेखी उत्तर द्यावे, त्याची पोच घ्यावी.

खरा दोष नियमाच्या मुळाशी आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, आणि त्याच कायद्याने पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, पण त्याची सावली पेन्शनच्या नियमांत राहिली. परिणाम असा, की सोबत हवी असलेली बाई लग्न करायला भिते, आणि लग्न न केल्याबद्दल समाज तिलाच नावे ठेवतो. पुनर्विवाहाला उत्तेजन म्हणून साहाय्य देणारी योजना याच गुजरात सरकारने आणली आहे. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

वाट नाही असेही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या निःसंतान विधवेने पुनर्विवाह केला तरी, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर तिचे फॅमिली पेन्शन चालू राहते. ही सवलत २००६ पासून आहे. मग मुले असलेल्या बाईला ती का नाही? कारखान्यातील कामगाराच्या विधवेला का नाही? २०१४ पासून त्या योजनेतील किमान पेन्शन आहे दरमहा अवघे १,००० रुपये. तेवढ्यासाठी तिने जन्मभर एकटे राहावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ही सवलत सर्व विधवांना मिळावी, अशी मागणी आपल्या मंडळाने आमदार-खासदारांकडे लेखी केली पाहिजे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारला पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या बडोदे राज्याने १९३१ मध्येच हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा कायदा दिला होता. त्या बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपण मराठी माणसांनी एवढे तरी करावे.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. निनावी अर्ज लिहिण्यापूर्वी त्या घरची चूल कशावर पेटते, याचा क्षणभर विचार करा.