साबणाचा वसा



कोरोनाच्या साथीनंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा आपल्या आवारातील प्रत्येक नळाजवळ साबण होता. मुले रांगेत उभी राहून, वीसपर्यंत आकडे मोजत हात धुवायची. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपल्याकडे हळूहळू साबणही संपला. गेल्या पावसाळ्यात प्राथमिक विभागातील पाच-सहा मुले एकाच आठवड्यात जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, तेव्हा आम्ही स्वतः सर्व नळ पाहून आलो. एकाही नळाजवळ साबण नव्हता. कार्यालयात टेबलावर सॅनिटायझरची बाटली मात्र होती. ही चूक आमची आहे, हे प्रथम मान्य करतो.

चांगली लागलेली सवय का सुटली? आमचे मत असे की आपण मुलांना हुकूम दिला, कारण सांगितले नाही. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबरच जाते. समजून लावून घेतलेली सवय टिकते. म्हणून ते कारण येथे सांगत आहोत.

कोरोनाचा विषाणू इतका लहान असतो की एका मिलिमीटरमध्ये सुमारे दहा हजार विषाणू ओळीने बसतील. त्याच्या आत आर.एन.ए.चा सुमारे तीस हजार अक्षरांचा धागा असतो आणि बाहेर स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण. त्या आवरणावर प्रथिनांचे काटे असतात. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवतीही स्निग्ध पदार्थांचेच पटल असते. विषाणूचा काटा पेशीवरील एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. मग पाण्यावर तरंगणारे तुपाचे दोन थेंब जवळ येऊन एक व्हावेत, तशी दोन्ही आवरणे एकमेकांत मिसळतात आणि विषाणूचा धागा पेशीत शिरतो.

आत शिरल्यावर तो पेशीचे घर आपल्या सोयीने बदलतो. तिची आतली पटले वाकवून दुहेरी भिंतींच्या लहान लहान पिशव्या करतो आणि त्यांत स्वतःच्या प्रती काढतो. त्याला स्वतःला स्निग्ध पदार्थ बनवता येत नाहीत. तो पेशीचाच साठा वापरतो. नवा विषाणू तयार होतो तो पेशीच्या आतल्या पटलाचा तुकडा अंगावर पांघरूनच. अशा लुटीत पेशी मरते, किंवा शेजारच्या पेशींशी जोडली जाऊन निकामी होते. आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांत काही पेशी एक स्निग्ध द्रव तयार करतात. त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून जात नाहीत. हा विषाणू ह्या पेशींवरही हल्ला करतो. त्यात शरीराच्या प्रतिकाराचा भडका उडाला की फुप्फुसांत पाणी साठते आणि रक्तातील ऑक्सिजन उतरतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी कितीतरी जण ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण फिरले. त्यामागे हे डोळ्यांना न दिसणारे नुकसान होते.

आता साबणाचे पाहू. तुपाची वाटी नुसत्या पाण्याने निघत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे स्निग्ध पदार्थाकडे. हे दुसरे टोक विषाणूच्या आवरणात पाचरीसारखे घुसते, आवरण फाटते आणि विषाणू निरुपयोगी होतो. ज्या स्निग्ध पांघरुणामुळे तो पेशीत शिरतो, तेच त्याचे मर्मस्थान आहे.

कोणी म्हणेल, कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, मग साबण कशाला? प्रश्न योग्य आहे. त्यासाठी वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि खोकणाऱ्या मुलाने मास्क लावायला हवा. परंतु हातांवरून तोंडात जाणारे रोग कमी नाहीत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस-ए ह्यांचे विषाणू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यावर असे स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे सॅनिटायझरचा तेथे भरवसा नाही. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली हात धुतले तरच ते हातावरून निघून जातात. म्हणजे बाटली टेबलावर ठेवून आपली जबाबदारी संपत नाही.

आपले इंदूर २०१७ पासून अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. अशा शहरातील शाळेच्या नळावर साबण नसणे शोभत नाही. विश्वस्तांना आमची विनंती आहे की साबणाचा खर्च किरकोळ खर्चात न टाकता अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र नोंद करावी, म्हणजे वर्षाच्या मध्यावर तो कापला जाणार नाही. पालकांनी घरी मुलांना पाण्याच्या वाटीत तेलाचा थेंब टाकून, मग साबणाचा थेंब टाकून काय होते ते दाखवावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हेच लहान वर्गांना समजावून सांगावे. नळ पाहण्याचे काम दर सोमवारी आम्ही स्वतः करू.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे पेशीला कोशिका आणि स्निग्ध पदार्थाला वसा म्हणतात. मराठीत वसा म्हणजे घेतलेले व्रत, आणि ते मध्येच सोडायचे नसते, हे आपण श्रावणातल्या कहाण्यांतून ऐकत आलो आहोत. विषाणूचा वसा ज्याने विरघळतो, त्या साबणाचा वसा आपण सर्वांनी घ्यावा आणि साथ गेली म्हणून टाकू नये, एवढेच मागणे आहे.