ताम्रपट आणि विमान

दिवेआगरचा शके ९८२चा (इ. स. १०६०) मराठी ताम्रपट शिकवताना आपण काळ, लिपी आणि भाषा यांविषयी विलक्षण काटेकोर असतो. विमानांचा विषय निघाला की हाच काटेकोरपणा कुठे जातो?

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी ग्रंथाच्या संस्कृतचाही विचार केला. म्हणजे हे काम मुळात भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.

याउलट १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, हे निर्विवाद आहे. तरी विमानवेड्या विद्यार्थ्यांची सहल जुहूच्या धावपट्टीकडे क्वचितच वळते. चौपाटी अवश्य दाखवावी, पण दंतकथा म्हणून. ताम्रपटाला लावतो ती कसोटी विमानाला लावल्याने अभिमान उणावत नाही. तो खरा ठरतो.