काठ नदीचाच राहू द्या



यंदाच्या अंकाचा विशेष विभाग नदीकाठाला वाहिला आहे. नाशिक, पैठण, वाई, कराड, सांगली, पंढरपूर, पुणे ही आपली जुनी गावे नदीच्या आधाराने वाढली. पूर्वजांनी घाट बांधले ते पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढणार हे गृहीत धरूनच. पाणी वर आले की माणसे मागे सरत आणि ओसरले की पुन्हा खाली उतरत. पुढे नळ घरात आले, नदीची गरज संपल्यासारखी वाटली आणि शहरांनी तिच्यात मैलापाणी सोडले, काठावर राडारोडा टाकला. आता तीच शहरे नदीकाठ सुधारायला निघाली आहेत. या सुधारणेत नदीचे काय होणार, हा प्रश्न आम्हाला या दिवाळीत वाचकांसमोर ठेवायचा आहे.

पुण्याचे उदाहरण सर्वांत मोठे आणि सर्वांत जवळचे. मुळेचा 22.2 किलोमीटर, मुठेचा 10.4 किलोमीटर आणि संगमाखालच्या मुळा-मुठेचा 11.8 किलोमीटर काठ पुणे महापालिकेच्या नदीकाठ सुधार योजनेत येतो. मूळ अंदाजित खर्च सुमारे 4,700 कोटी रुपये. 2022 मध्ये भूमिपूजन झाले आणि संगमवाडी ते बंडगार्डन या भागात काम सुरू झाले. काठ बांधून काढायचे, पायवाटा आणि बागा करायच्या, बंधारे घालून पाणी अडवायचे, काठाने मैलावाहिन्या टाकायच्या, असा हा आराखडा आहे. यामुळे पुराची पातळी उतरेल, असा महापालिकेचा दावा आहे.

नदीकाठी निवांत बसता यावे, मुलांना घेऊन फिरता यावे, ही नागरिकांची इच्छा अगदी रास्त आहे. आजचा काठ पाहिला तर ती अधिकच पटते. त्यामुळे योजना हवी की नको, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते मुळीच करू नये, हे ठरवायला हवे.

पहिली गोष्ट पुराची. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि अर्धे पुणे वाहून गेले. ती आठवण सांगणारी पिढी आज मोजकीच उरली आहे. पुढे शासनाने नद्यांना पूररेषा आखून दिल्या. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. मुठेसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेकची आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरलेली आहे. तरीही जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. नदीची वहनक्षमता घटली आहे, हे सांगायला याहून वेगळा अहवाल कशाला हवा? पात्रात भराव पडला, पुलांचे खांब आले, ओढे बुजवले गेले. धरणाच्या खाली पडणारा पाऊसही त्याच पात्रात येतो, हे विसर्गाचा आकडा पाहताना विसरले जाते.

काठ आत सरकवला आणि पात्र अरुंद झाले, तर तेवढेच पाणी अधिक उंचीने किंवा अधिक वेगाने वाहणार. नदीची पातळी चढली की नाल्यांचे पाणी तिच्यात उतरत नाही, त्याचा फुगवटा मागच्या वस्त्यांत पसरतो. सप्टेंबर 2019 मध्ये आंबील ओढ्याच्या पुराने एका रात्रीत जे केले, ते पुण्याने पाहिले आहे. म्हणून नदीचा विचार तिच्या ओढ्यांसकटच करावा लागतो.

दुसरी गोष्ट मैलापाण्याची. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्याने 990 कोटींचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला. अकरा केंद्रांतून दररोज 39 कोटी 60 लाख लिटर मैलापाणी शुद्ध करायचे होते. त्या केंद्रांचे बांधकाम सुरू व्हायलाच पुढची अनेक वर्षे गेली. मैलापाणी थांबण्याआधी बंधारे घातले, तर पाणी साचेल, कुजेल, जलपर्णी पसरेल आणि डास होतील. नव्या बाकावर बसायला मग कोण येणार?

आणि हे पाणी पुण्यात थांबत नाही. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीतून सुटलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा होऊन पोचते. आषाढीला आपण ज्या पाण्याला माथा लावतो, त्यात आपल्याच शहराचे सांडपाणी आहे. दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या लोकांना पुण्याच्या पायवाटांचा उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ते फक्त पाणी. या योजनेचा निवाडा त्यांनाही करता आला पाहिजे.

पुण्याच्या योजनेसमोर आदर्श ठेवला गेला तो अहमदाबादच्या साबरमतीचा. तिथे साडेअकरा किलोमीटरचा काठ बांधला, पात्र एकसारखे 263 मीटर रुंद केले आणि 2012 मध्ये काठावरची पायवाट खुली झाली. शहराला मोकळी जागा मिळाली, हे खरेच. पण शहरातून दिसणारे ते पाणी नर्मदा कालव्याचे आहे. वासणा बंधाऱ्याखाली साबरमतीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वाहते आणि त्या प्रदूषणाची दखल गुजरात उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्वतःहून घेतली. काठावरच्या हजारो झोपडीवासीय कुटुंबांना शहराच्या कडेला जावे लागले. पुण्याने या अनुभवातून शिकायला हवे.

शिकण्यासारखे दुसरे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. 1995 च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्या देशाने नद्यांना जागा परत देण्याचे धोरण स्वीकारले. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, त्यासाठी पन्नासेक घरे हलवली आणि नदीला नवा प्रवाह खोदून दिला. पुराची पातळी उतरली आणि मधल्या बेटावर शहराला मोठे उद्यानही मिळाले. शतकानुशतके बांध घालून समुद्र मागे रेटणाऱ्या देशाने हे केले, याचा आपण गांभीर्याने विचार करावा.

तिसरी गोष्ट झाडांची. काठावरचे जुने उंबर, करंज, जांभूळ आणि पाण्यात पाय सोडून उभे असलेले वाळुंज माती धरून ठेवतात. पक्ष्यांना तिथे घरटी मिळतात, माशांना सावली. ही झाडे तोडून दुसरीकडे रोपे लावल्याने ती जागा भरून निघत नाही. म्हणूनच एप्रिल 2023 मध्ये पुणेकर ‘चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरले. ‘जीवितनदी’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे काठ साफ करतात, झरे शोधतात, शाळकरी मुलांना नदी दाखवतात. त्यांना विकासाचे विरोधक ठरवणे अन्यायाचे आहे. खरे तर ते या योजनेचे पहिले सल्लागार असायला हवेत.

नाशिकमध्ये सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाकाठावर कामे निघाली आहेत. सांगली-कोल्हापूरने 2019 चा महापूर सोसला आहे. त्यामुळे हा प्रश्न एकट्या पुण्याचा राहिलेला नाही. आमचे मत स्पष्ट आहे. आधी मैलापाणी थांबवा, मग काठाला हात लावा. पूररेषेच्या आत भराव नको, उलट पडलेला भराव काढा. जिवंत झरे आणि जुनी झाडे जागच्या जागी राखा. काठ सर्वांना विनाशुल्क खुला ठेवा आणि तिथून हलवलेल्या माणसाला त्याच भागात घर द्या. एवढे होणार नसेल, तर कोट्यवधींचा दगड-सिमेंट वाचवलेला बरा.

वाचकहो, आपल्या गावच्या नदीची पूररेषा कुठून जाते आणि आपल्या घराचे मैलापाणी कुठे पोचते, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या महापालिकेकडून किंवा नगरपरिषदेकडून मागून घ्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा.   पुढची दिवाळी येईपर्यंत आपापल्या नदीसाठी एक तरी प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.