जन्माचा दाखला

आमची भाची कॅनडात शिक्षणशास्त्राचा अभ्यास करते. गेल्या हिवाळ्यात ती सहा आठवड्यांकरिता डॉमिनिकन प्रजासत्ताकात ऊसमजुरांच्या मुलांना शिकविण्यास गेली होती. तेथून परतल्यावर ती आजोळी, म्हणजे आमच्याकडे वडोदऱ्यास आली. रात्री झोपाळ्यावर बसून तिने जे सांगितले ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला या एकाच बेटावर दोन देश आहेत. पश्चिमेस हैती, तेथील सामान्यांची भाषा क्रेओल. पूर्वेस डॉमिनिकन प्रजासत्ताक. तेथे स्पॅनिश चालते. हैतीचे गरीब लोक शंभराहून अधिक वर्षे ऊसतोडणीसाठी पूर्वेकडे येत आले आहेत. १९५२ पासून १९८६ पर्यंत तर दोन्ही सरकारांच्या करारान्वये त्यांना आणले जाई. मळ्यालगतच्या त्यांच्या वस्तीस 'बातेय' म्हणतात. तोडणी संपल्यावर पुष्कळजण परतले नाहीत. त्यांची मुलेनातवंडे तेथेच जन्मली. या शेजाराला रक्ताचा डागही आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेने हजारो हैतियनांची कत्तल झाली. सैनिक एका पालेभाजीचे स्पॅनिश नाव उच्चारावयास लावीत आणि ज्याची जीभ अडखळे त्यास ठार करीत, असे सांगतात.

अशा एका वस्तीत आमची भाची इंग्रजी गाणी आणि रंगीत चित्रांचे तक्ते घेऊन पोहोचली. तेथील शिक्षिकेने पहिल्याच दिवशी तिला सांगितले, "बाई, तू सहा आठवड्यांनी जाशील. गाणी मुले विसरतील. त्यापेक्षा मागे बसलेल्या त्या चौघांना स्पॅनिश वाचावयास शिकव." पोरीस प्रथम राग आला. परंतु ती चार मुले घरी केवळ क्रेओल बोलणारी होती आणि वर्गात तोंड उघडीत नव्हती. तिने फळ्यावर पाण्यासाठी स्पॅनिश 'आग्वा' लिहिले आणि त्यांच्या भाषेतील शब्द विचारला. 'द्लो' म्हणताना तिची जी त्रेधा उडाली, ती पाहून चौघेही पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती वाचू लागली. घरी एक भाषा व शाळेत दुसरी, हा प्रकार आपल्या घरांस काही नवा नाही. शिकविणाराने आपल्या भाषेत चुकून दाखविले म्हणजे मुलाची भीड कशी चेपते, हे आपणही जाणतो.

त्या चौघांतील एका मुलीने तिला विचारले, "माझ्यापाशी जन्माचा दाखला नाही. मला शिक्षिका होता येईल का?" भाचीस उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न त्या एकटीचा नव्हे. १९९७ साली दिल्सिया येआन व व्हियोलेता बोसिको या हैतियन वंशाच्या दोन मुलींसाठी जन्मदाखल्याचा अर्ज करण्यात आला. तो नाकारला गेला. दाखला नाही म्हणून व्हियोलेतास दिवसाची शाळा बंद झाली आणि तिला प्रौढांच्या रात्रशाळेत बसावे लागले. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये मुलींच्या बाजूने निर्णय दिला. परंतु २०१३ मध्ये त्या देशाच्या संविधान न्यायालयाने उलट वाट धरली. १९२९ नंतर तेथे जन्मलेल्या, पण ज्यांच्या आईबापांचे वास्तव्य कायदेशीर नव्हते अशांना नागरिकत्वाचा हक्क नाही, असे त्याने ठरविले. २०१४ च्या कायद्याने काहींना वाट मोकळी केली, सर्वांना नव्हे. बातेयमध्येच जन्मलेल्या सोनिया पिएर या बाईंनी तेराव्या वर्षी ऊसमजुरांच्या हक्कांसाठी मोर्चा काढला आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत हेच काम केले.

हे ऐकताना 'आपणही परमुलखात आलेलेच' असे शब्द आमच्या ओठांवर आले होते. पण ते आम्ही गिळले. आपले पूर्वज येथे गायकवाडांच्या फौजेबरोबर व दप्तरांबरोबर आले. येथे महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. आपल्या मुलांना शाळेच्या दारात कोणी 'तुम्ही कोण?' असे विचारले नाही. उसाच्या मळ्यात कोयता घेऊन आलेल्यांशी आपली बरोबरी करणे शोभणार नाही.

सहा आठवड्यांत काय साधले, असे आम्ही विचारले. "तिघे एक पान वाचू लागली," ती म्हणाली, "चौथ्याचे बिऱ्हाड दुसऱ्या मळ्यावर गेले." आपली मुले परदेशी सेवेस निघाली, तर त्यांनी तेथील शिक्षकास आधी विचारावे की तुम्हांस काय हवे, आणि मग त्याच्या हाताखाली काम करावे, इतकेच आम्ही यातून शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना भाची म्हणाली, "मामा, आपल्या मागे इमारत बांधताहेत, तेथील मुलांचे दाखले आहेत का हो?" आम्हांस ठाऊक नव्हते. ती मजूर माणसे दाहोदकडची. संध्याकाळी जाऊन विचारले, तेव्हा पाच मुलांपैकी दोघांची जन्मनोंदच झालेली नसल्याचे कळले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखल्याअभावी शाळाप्रवेश अडवता येत नाही. पण कागद पुढे कोठेतरी आडवा येतोच. त्या दोघांच्या आईबापांसोबत कचेरीत एक खेप झाली आहे. पुढचे पुढील अंकी कळवू.