औषध घरपोच, विचारपूस कोणाची?

जालना-मंठा रस्त्यावरील वाटूरसारख्या गावात आज एक चित्र घरोघरी दिसते. मुलगा पुण्याला नोकरीत, आईवडील गावी. वडिलांचा रक्तदाब, आईचा मधुमेह. महिन्याच्या औषधांची काळजी मुलगा भ्रमणध्वनीवरूनच वाहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवले की चार दिवसांत पुडके गावी पोहोचते, तेही सवलतीच्या दरात. या मातृपितृभक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु श्रावणाने कावड स्वतःच्या खांद्यावर वाहिली होती, हे विसरून चालणार नाही.

टपालाने औषध मागवणे महाराष्ट्राला नवे नाही. नियतकालिकांतील जाहिराती वाचून व्ही.पी.ने काढे, चूर्णे, भस्मे मागवणाऱ्या पिढ्या इथेच होऊन गेल्या. मात्र त्या जाहिरातींत असाध्य रोगांवर हमखास गुणाची ग्वाही देणारे भोंदूही शिरले आणि अखेर १९५४ साली औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा करावा लागला. सोय आधी येते आणि शिस्त मागाहून, हा जुनाच अनुभव आहे.

आजही तेच घडत आहे. १९४५ च्या औषध नियमांनुसार 'एच' अनुसूचीतील औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच देता येते. हे नियम झाले तेव्हा संगणक नव्हता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन औषधविक्रीसाठी नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा मिळाली. पण 'एच' अनुसूचीतील औषधांपुरती ती त्याच महसुली जिल्ह्याच्या हद्दीत होती. या मर्यादेत शहाणपण होते. औषध देणारा आणि घेणारा परस्परांच्या टप्प्यात असावेत, हा तिचा अर्थ.

हा टप्पा तुटला की काय होते? चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची असते आणि तीच पुन्हा पुन्हा पाठवली जाते. दरम्यान साखर वाढली की मूत्रपिंड थकले, हे कोणी तपासत नाही. त्याच औषधाची वेगळ्या नावाची पट्टी येते, घरात जुनी शिल्लक असते, आणि अक्षरओळख जेमतेम असलेली माउली दोन्ही गोळ्या घेते. इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ते पुडके वाटेत किती तास तापले, हे कोण सांगणार?

गावातील दुकानदारांनीही आत्मपरीक्षण करावे. परवाना एकाचा आणि गल्ल्यावर दुसराच, चिठ्ठी न पाहता प्रतिजैविके हातावर ठेवायची, हे प्रकार त्यांच्या व्यवसायाची प्रतिष्ठा घालवतात. दुकानातही कोणी विचारणार नसेल, तर ग्राहकाने पुडकेच का मागवू नये? शिवाय आयुष्यभर औषध घेणाऱ्या अल्पभूधारकाला किमतीतील सवलत ही चैन नव्हे, गरज आहे. त्यावर स्वदेशी उत्तर उपलब्ध आहे. २००८ साली सुरू झालेल्या आणि पुढे विस्तारलेल्या जनऔषधी योजनेत जेनेरिक औषधे नाममुद्रेच्या औषधांपेक्षा साधारणतः ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात.

म्हणून आग्रह दुहेरी हवा. शासनाने ऑनलाइन विक्रीचे नियम पक्के करून चिठ्ठीची खातरजमा आणि औषधनिर्मात्याचा रुग्णाशी संवाद बंधनकारक करावा. समाजाने मात्र तोवर थांबू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जावे, औषधांचा डबा उघडून मुदत पाहावी, दुहेरी पट्ट्या बाजूला काढून डॉक्टरांना दाखवाव्यात, चिठ्ठी जुनी असेल तर तपासणीला घेऊन जावे. त्यासाठी निधी लागत नाही, तासभर वेळ लागतो.

पुडके दारापर्यंत येते. त्यातली गोळी योग्य माणसाने, योग्य वेळी, योग्य तेवढीच घेतली की नाही, हे विचारायला शेजारधर्मच लागतो. तो कोणत्याही दुकानातून मागवता येत नाही.